रांगेतल्यांचं स्टूल

टेबलाखालून आधी त्यांचा पाय यायचा, मग शब्द. चपलेच्या टोकानं त्या स्टूल वीतभर पुढं ढकलायच्या आणि म्हणायच्या, "बसा जी. उभ्या माणसाचा आजार मले ऐकू येत नाही."

तुम्ही कधी सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत गेला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथं 'बसा' म्हणणारं कोणी नसतं. 'पुढं सरका' म्हणणारे असतात, 'मागं व्हा' म्हणणारे असतात, 'चिठ्ठी कुठं आहे' म्हणून ओरडणारे तर जागोजागी असतात. अमरावतीच्या आमच्या दवाखान्यात मात्र कोपऱ्यातल्या एका खोलीत ह्या डॉक्टरबाई सकाळपासून दुपारपर्यंत येईल त्या माणसाला 'बसा' म्हणायच्या. शेतमजूर असो की मास्तर, वाक्य तेच आणि पायही तोच.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. माझं त्यांच्याशी भांडण आहे आणि ज्याच्याशी भांडण आहे त्याचं नाव छापून मोकळं होणं मला पटत नाही. हे लिहून भांडण मिटवतो आहे असंही समजू नका.

माझा बडनेरा रोडला लोखंडी फर्निचरचा कारखाना आहे. कपाटं, पलंग, शाळेचे बाक. सुरुवात चांदूर बाजारला दुसऱ्याच्या दुकानात वेल्डिंगची काच डोळ्यांपुढं धरून केली. बापानं दिलेलं माझ्याकडं फक्त नाव आहे, बाकी सगळं मी भाव करून मिळवलं. लोखंडवाल्याच्या दुकानातून मी दोनदा पायऱ्या उतरतो, तिसऱ्या वेळी तो हाक मारतो. तापट आहे, हेही सांगून ठेवतो. नाहीतर लोक सांगतीलच.

बाई अकोल्याच्या. घरी अंथरुणाला खिळलेली आई, म्हणून रोजचं अपडाउन. सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरायच्या, तिथून ऑटोनं दवाखान्यात. वाटेत माझा कारखाना. एक दिवस ऑटो थांबला आणि डोक्याच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली एक बाई उतरून म्हणाली, "स्टूल पायजे."

मी तयार स्टुलं दाखवली. त्यांना एकही पसंत पडेना. शेवटी त्यांनी रंगाचा रिकामा डबा उपडा केला, मला त्यावर बसवलं आणि स्वतः माझ्या खुर्चीत बसल्या.

"माह्या डोळ्याकडे पाहा. वर पाहा लागते की समोर?"

"वर."

"मग दोन बोटं उंच करा. माणूस बसला की त्याचे डोळे माह्या डोळ्याइतके आले पायजे. अन् पाय चार. तीन पायाचं नको, म्हातारे माणसं पडतात."

मी विचारलं, सरकारी दवाखान्यात स्टूल स्वतःच्या पैशानं कशाला? तेव्हा कळलं की आधीच्या डॉक्टरांनी पेशंटची खुर्चीच खोलीतून काढून टाकली होती. बसलेला माणूस लवकर उठत नाही, उभा असला की दोन वाक्यांत आटोपतो. मला ते धंद्याच्या दृष्टीनं एकदम बरोबर वाटलं.

"मॅडम, त्या डॉक्टरले अक्कल होती. मीबी तगादेवाल्याले बसू देत नाही."

त्या खळखळून हसल्या. "म्हणूनच तो तुमाले खरं सांगत नसन."

मी दुप्पट भाव सांगितला. सांगायचाच असतो, समोरचा निम्म्यावर येतो, मग तो थोडा वर चढतो, आपण थोडं खाली येतो, मध्ये कुठंतरी दोघांचं समाधान होतं. बाईंनी पर्स उघडली आणि सांगितले तेवढे पैसे टेबलावर ठेवले.

"मॅडम, भाव तं करा."

"कायले? स्टूल तुमी करून राहिले, किंमत तुमाले माहीत. फक्त हललं नाही पायजे."

दुप्पट पैसे मिळूनही दिवसभर मला फसवल्यासारखं वाटत राहिलं. त्या चिडीत मी जाड पाइप वापरला, पायांना रबरी बूट बसवले आणि बैठकीखाली कारखान्याचा ठसा ठोकला. आजपर्यंत तसलं स्टूल मी दुसऱ्या कोणाला करून दिलेलं नाही.

पोचवायला स्वतः गेलो आणि गंमत म्हणून तासभर दाराशी उभा राहिलो. गंमत अशी की माणूस उभा असतो तेव्हा एक बोलतो आणि बसला की दुसरंच बोलतो. मोर्शीकडची एक बाई आली, संत्र्याच्या बागेत तोडणीला जाणारी. "डोकं दुखते," एवढंच म्हणाली. डॉक्टरबाईंनी बसवलं, हातात हात घेतला, काहीच विचारलं नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "रात्री झोप येत नाही." आणखी थोड्या वेळानं, "लेक नांदाले गेली तं तिचा फोनच नाही आला." तेव्हा कुठं बाईंनी पेन उचललं. एक म्हातारबुवा तर गुडघ्यापासून सुरू होऊन जावयाच्या बैलापर्यंत पोचले. बाहेर रांग खवळली. बाई म्हणाल्या, "उठा जी आता, स्टूल गरम झालं." बुवांनी खरोखरच उठून बैठकीला हात लावून पाहिला. सगळी रांग हसली.

पुढं दवाखान्याची लहानसहान कामं माझ्याकडं यायला लागली. एकदा तिथल्या सिस्टरनं सांगितलं की मॅडम दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण बायकांच्या बाथरूमला आतून कडी नाही. मागणीचा कागद कधीचा कुठल्यातरी टेबलावर पडून होता. दुसऱ्या दिवशी मी जाऊन कडी ठोकून दिली. बाई पैसे द्यायला लागल्या, मी घेतले नाहीत. "राहू द्या मॅडम, घरचं काम हाय."

त्यांनी इतक्या मनापासून आभार मानले की मलाच अवघडल्यासारखं झालं. कारण माझ्या धंद्यात फुकट काही नसतं. फुकट म्हणजे किंमत नंतर.

ती मी वसूल कशी केली ते सांगतो. माझी आई रॉकेलच्या रांगेत उन्हात उभी राहायची, मी तिच्या पदराला धरून. एकदा आमचा नंबर आला आणि दुकानदारानं शटर ओढलं. आई डबा उचलून चालायला लागली. त्या दिवशी मी ठरवलं की मोठा झालो की रांगेत उभा राहणार नाही. आणि राहिलोही नाही. बँकेत नाही, तहसीलीत नाही, देवळातसुद्धा नाही. कोणाला कडी लावून द्यायची, कोणाला कपाटाचं कुलूप, की झालं. आपल्याकडं ह्याला ओळख म्हणतात. तुमचीही कुठंतरी असेलच.

दवाखान्यातही मला खोकला झाला, पाठ धरली, की मी रांगेला वळसा घालून सरळ दारात उभा राहायचो. बाई पेशंट संपवून उठून दारात यायच्या, उभ्याउभ्या पाहायच्या आणि माझ्याच माल पोचवायच्या चलनाच्या पाठीवर औषध लिहून द्यायच्या. एकदा मी आत शिरून स्टुलावर टेकायला गेलो तर त्यांनी पायानं स्टूल मागं ओढलं.

"हे रांगेतल्यांचं हाय भाऊ. ओळखवाल्यानं उभं राहाव. तुमाले देते तो मिनिट मी त्याइच्यातून चोरते. बसवलं तं लय चोरी होईन."

मी हसलो. मला त्यात मानच वाटला. रांगेतल्या सगळ्यांच्या नजरा पाठीवर घेऊन दारात उभं राहायला मला आवडायचं. बसतात ते साधे लोक.

मग दवाखान्यातले दोन डॉक्टर गेले. एक बदलीनं, एक कंटाळून. त्यांच्या खोल्यांना कुलूप लागलं, पण त्यांचे पेशंट काही कुलपात गेले नाहीत. ते बाईंच्या दारात आले. रांग जिन्यापर्यंत गेली, मग जिना उतरली. त्यात टेबलावर कॉम्प्युटर आला. प्रत्येकाचं नाव, गाव, आजार त्यात भरायचा. भरला नाही तर वरून विचारणा. दुपारी वॉर्ड, वॉर्डानंतर मीटिंग, मीटिंगमध्ये कॉम्प्युटरात किती भरलं याची झडती. सकाळचा डबा त्या संध्याकाळी बडनेऱ्याच्या फलाटावर उघडायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दोन घास खायच्या आणि गाडी आली की डबा तसाच बंद.

त्यांचं वाक्य आखडत गेलं ते मी पाहिलं. आधी पूर्ण होतं. मग नुसतं 'बसा जी' राहिलं. मग 'बसा'. मग नुसता पाय यायचा, डोळे कॉम्प्युटरवर. म्हातारी माणसं त्या पायाकडं पाहून गोंधळायची, बसायचं की नाही. बसेपर्यंत कागद छापून व्हायचा.

एकदा मी बोलून दाखवलं, "मॅडम, आता तुमाले उभ्याचाबी आजार ऐकू येऊन राहिला वाटते."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आता कोणाचाच येत नाही भाऊ. अंदाजानं लिहिते."

त्याच दिवसांत माझ्या बायकोचं सुरू झालं. शोभा तिचं नाव. दुखणं सांगण्यात ती कच्ची. "पोट फुगल्यासारखं वाटते, भूक लागत नाही," एवढंच म्हणायची. मी तिला स्कूटरवर बसवलं, दवाखान्यात नेलं, रांगेला वळसा घातला आणि दारात उभं केलं. बाई आल्या. मनगट धरलं, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, गॅसच्या गुलाबी गोळ्या लिहून दिल्या. दहा मिनिटांत आम्ही परत. मी शोभाला म्हटलं, "पाह्यलं? याले म्हणतात ओळख."

गोळ्यांनी थोडं बरं वाटलं, मग परत तेच. दीडेक महिन्यानं पुन्हा दारात. ह्या वेळी बाईंनी आतल्या हिरव्या पडद्याकडं बोट केलं. "भाऊ, याइच्या नावाची चिठ्ठी काढून आणा. झोपवून पोट पाहाव लागन. उद्या आणा."

मी म्हटलं, "आणतो मॅडम."

परत येताना शोभा मागून म्हणाली, "अवो, उद्या मले इथंच सोडून देजा. मी बसीन रांगेत. बाया असतात, गोठी होतात."

"रांगेत बसाले मी मेलो काय?"

"तसं नाही. तुमी केलेल्या त्या स्टुलावर एक डाव बसून तं पाहू द्या."

मला हसू आलं. घरात तिच्यासाठी मी गादीची खुर्ची करून दिली होती आणि हिला लोखंडी स्टुलाचं कौतुक. दुसऱ्या दिवशी काही गेलो नाही. शाळा उघडायच्या होत्या, बाकांच्या ऑर्डरी अडकल्या होत्या. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्यांदा गेलो तो दिवस वाईट होता. आदल्या दिवशी वॉर्डात कोणाचा तरी बाप दगावला होता आणि नातेवाईक ओपीडीत घुसले होते. बाईंचा त्या वॉर्डाशी त्या दिवशी संबंधही नव्हता. समोर दिसला तो डॉक्टर. एकानं माझंच स्टूल उचलून फेकलं. बाईंच्या खांद्याला लागून ते खिडकीवर गेलं. काच फुटली, स्टुलाला काही झालं नाही. मी सिस्टरला म्हणालो, "माणसं जनावरं झाली." मनात मात्र क्षणभर आलं, पाइप बरा वापरला होता.

बाई तरीही कामावर होत्या. खांदा आखडलेला, दारात एक पोलीस, रांग तेवढीच. शोभाला पाहून म्हणाल्या, "चिठ्ठी काढली?"

"आज नाही मॅडम, घाई हाय. गोळ्याच लिहून द्या पुन्हा."

त्यांनी रांगेकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग शोभाकडं, तिच्या पदराखालच्या पोटाकडं. अर्धा सेकंद असेल. त्या अर्ध्या सेकंदावर माझं सगळं भांडण उभं आहे. त्यांना दिसलं होतं, अशी माझी खात्री आहे. मग मागून कोणीतरी ओरडलं, "अवो मॅडम, आमी काय सकाळपासून बोरं विकाले उभे हाओ काय?" आणि त्यांनी चलन उलटं केलं आणि गोळ्या लिहिल्या.

पुढच्या महिन्यात शोभाला परकराची नाडी पुरेना. हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढं वाढलेलं. शेजारणीनं तिला खाजगी सोनोग्राफीला नेलं, मी नागपूरला माल घेऊन गेलो होतो. पोटात पाणी, अंडाशयात गाठ. मग तिला नागपूरला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी कागद चाळले आणि विचारलं, "आधी कोणी पोट तपासलं नव्हतं का?" मी म्हटलं, "तीनदा दाखवलं." ते म्हणाले, "दाखवलं हे ठीक. तपासलं का?"

सात महिने. मग शोभा गेली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. दोन पुतणे सोबत घेतले. कशाला घेतले ते विचारू नका, मला ठाऊक आहे. रांगेला वळसा घालून सरळ आत. स्टुलावर एक म्हातारी होती. बाईंनी तिचं संपवलं, तिला हात देऊन उठवलं. मग टेबलाखालून पाय आला आणि स्टूल माझ्याकडं सरकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"बसा भाऊ."

"मी बसाले नाही आलो. बायको मेली माही. तीनदा आणली होती तुमच्या दारात. गॅस म्हणे, गॅस!"

माझा आवाज जिन्यापर्यंत गेला. पोलीस केव्हाच निघून गेला होता. पुतणे पुढं सरकले. बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं आता म्हणतील, चिठ्ठी काढायला सांगितलं होतं, तुम्हीच आणली नाही. त्याचं उत्तर मी रात्रभर तयार केलं होतं. त्या हेच म्हणतील, मी ते खोडीन, मग त्या दुसरं म्हणतील. माझी सगळी तयारी होती.

त्या म्हणाल्या, "मी त्याइच्या पोटाले हात लावला नाही. लावाले पायजे होता. तिसऱ्या डावी मले दिसलं होतं. चूक माही हाय."

सगळ्यांच्या देखत म्हणाल्या.  आणि मी तिथं उभा, पुन्हा त्या रंगाच्या डब्यावर बसवल्यासारखा, सांगितलेली किंमत समोर ठेवली गेलेली. भांडणाचासुद्धा एक भाव असतो. समोरच्यानं कमी करायला नको का?

शेवटी रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "भाऊ, झालं असन तं सरका. माही चांदूरची गाडी हाय."

पुतण्यांनी मला बाहेर आणलं.

मी तक्रार केली. करणारच होतो. वरच्या कार्यालयातून चौकशी लागली आणि दोन महिन्यांनी मला एका पानाचं उत्तर आलं. सदर रुग्णाची बाह्यरुग्ण विभागात कोणतीही नोंद आढळून येत नाही, सबब तक्रारीत तथ्य नाही. चिठ्ठी नाही म्हणजे पेशंट नाही. शोभा त्या दवाखान्यात कधी आलीच नव्हती. ज्या चलनांवर औषधं लिहून आणली ती मी बाकांच्या ऑर्डरीसोबत केव्हाच शाळांना देऊन टाकली होती.

तिथला कारकून माझ्या ओळखीचा. त्याच्याकडून बाकीचं कळलं. बाईंना कार्यालयानं सांगितलं होतं की गप्प बसा, नोंदच नाही तर प्रश्नच नाही. पण बाईंनी तीन पानं लिहून दिली. ही बाई माझ्याकडं तीनदा आली, मी तिन्ही वेळा उभ्यानं पाहिलं, पोट तपासलं नाही. शिवाय ओपीडीत एकटीनं किती माणसं पाहावी लागतात, किती जागा रिकाम्या आहेत, हेही लिहिलं. साहेब म्हणाले, कागद परत घ्या. त्यांनी घेतला नाही. मग माझी तक्रार बंद झाली आणि त्यांच्यावर वेगळी चौकशी उघडली: चिठ्ठीशिवाय रुग्ण तपासल्याबद्दल. रिकाम्या जागांबद्दल त्या कागदावर कोणी एक ओळही लिहिली नाही.

बाईंनी नोकरी सोडली.

मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

वर्षभरानं अकोल्याला एका वसतिगृहाचे पलंग पोचवायला गेलो आणि पत्ता विचारत त्यांच्या घरी गेलो. आई वारली होती. पुढच्या खोलीत तिचा पलंग तसाच, गादी गुंडाळलेली. बाईंनी दार उघडलं, ओळखलं, म्हणाल्या, "बसा."

मी बसलो. साधी लाकडी खुर्ची होती, हलत होती.

चहा होईपर्यंत फाटकाशी एक माणूस आला, हातात तपासणीचे कागद. "मॅडम, जरा नजर टाका नं." बाई उठल्यासुद्धा नाहीत. "मी आता कोणाले पाहत नाही. चिठ्ठी काढा अन् रांगेत लागा."

"रांगेत कोन पाह्यते मॅडम?"

बाई चहा गाळायला आत गेल्या. तो कागदांची घडी घालून गेला, त्या दोन कप घेऊन आल्या.

 जे बोलायला आलो होतो ते मला एकाच पद्धतीनं बोलता येतं. "मॅडम, तुमी चिठ्ठी आणाले सांगतलं होतं. मी आणली नाही. शोभा रांगेत बसतो म्हणे, मी बसू नाही देली. आपन असं करू. अर्धी चूक तुमची, अर्धी माही."

"नाही जी."

"बरं, माही जास्त धरा. पण थोडी तं उतरवा तुमची."

त्यांनी कप खाली ठेवला. "भाऊ, तुमी एकटे परत आले सांगाले. मी किती माणसं अशी उभ्यानं पाह्यली, दारात, जिन्यात, चालता चालता. बसवून पाह्यली तीबी उभ्यासारखीच पाह्यली शेवटी शेवटी. त्याइचं काय झालं, मले माहीत नाही. ते कोणी आले नाहीत. मी भाव कोणासंग करू?"

मी चहा पिऊन उठलो. फाटकापर्यंत त्या आल्या नाहीत. परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये मला इतका राग आला की ड्रायव्हरशी विनाकारण भांडलो. अजूनही येतो. त्यांनी मला अर्धी चूक दिली असती तर मी ती घेऊन घरी आलो असतो. त्यांनी सगळी स्वतःकडं ठेवली आणि मला रिकाम्या हातांनी परत पाठवलं. हे भांडण मिटत नाही ते त्याच्यामुळं.

ह्या हिवाळ्यात मला जिना चढताना छातीत दाबल्यासारखं व्हायला लागलं. डाव्या हातात मुंग्या. खाजगीत जाता आलं असतं, पैशाला कमी नाही. पण एका सकाळी मी त्याच दवाखान्यात गेलो, खिडकीवर नाव-गाव सांगून चिठ्ठी काढली आणि रांगेत लागलो. त्या रॉकेलच्या रांगेनंतर पहिल्यांदा. शोभा म्हणाली होती तसंच होतं. बाया खाली बसून गोठी करत होत्या, कोणी मेथी निवडत होतं. एकीनं मला विचारलं, "भाऊ, तुमाले काय होते?" मी म्हटलं, "सांगतो आत."

तीन तासांनी आत गेलो. खोली तीच, टेबल तेच. डॉक्टर नवा, तरुण, डोळ्यांखाली काळं. खिडकीच्या फुटक्या काचेला पुठ्ठा लावलेला होता. टेबलाखाली भिंतीला टेकून माझं स्टूल होतं. त्यावर जुनी रजिस्टरं सुतळीनं बांधून रचलेली, टेबलाला टेकतील एवढी. पाय चारही शाबूत. हलत नव्हतं.

"काय होतंय?" डॉक्टरनं कॉम्प्युटरकडं पाहतच विचारलं.

"ते स्टूल…"

"ते ठेवायला आहे. काय त्रास आहे तेवढं सांगा काका, मागं बघा किती माणसं आहेत."

मी मागं पाहिलं. जिन्यापर्यंत होती. मला छातीचं सांगायचं होतं, हातातल्या मुंग्यांचं सांगायचं होतं. मी उभा होतो आणि मला काही आठवेना.

"काही नाही," मी म्हणालो. "गॅस होते."

त्यानं लिहिलं. छापलेला कागद हातात आला आणि मागचा माणूस माझ्या जागी येऊन उभा राहिला.